खुणेचा दगड

वैशाखातलं ऊन. शुभ्र ऊन, निर्दय ऊन, निर्मळ ऊन. सीनेच्या काठचं निंबखेडं त्या उन्हात डोळे मिटून पडलेलं. नदीचं पात्र रितं, वाळू लखलखती, आणि वाळूवरून उठणाऱ्या झळांत पैलतीरीचा माळ थरथरत असलेला. गावातली सगळी माळवदं, पांढऱ्या मातीची ती सपाट, सोशीक, धूलिधवल छपरं, आभाळाकडे तोंड करून मृगाची वाट पाहत होती.

माळवदाला एक साणं असतं. छतात ठेवलेलं हातभर रुंदीचं चौकोनी भोक. त्यातून धूर वर जातो आणि उजेड खाली येतो. शांतवनच्या घरालाही साणं होतं, आणि सहा वर्षं तो त्याच्या खाली बाजेवर पडून होता. सकाळी उजेडाचा चौकोन भिंतीवर असायचा, मग चुलीवर, मग रांजणावर. दुपारी तो बाजेवर चढायचा, शांतवनच्या निश्चल पायांवर घटकाभर बसायचा आणि निघून जायचा. त्याची ऊब पायांना कळत नसे. डोळ्यांना कळे.

उजेड आला, उजेड गेला. सहा वर्षांत शांतवनच्या घरी दुसरं फारसं कुणी आलं नाही.

एके काळी मात्र हा माणूस साऱ्या नदीकाठच्या छपरांचा धनी होता. पाच जणांची टोळी घेऊन तो गावोगाव माळवदं घालत फिरायचा. पांढरी माती चिमटीत धरून जिभेला लावायचा आणि चवीवरून सांगायचा, ही पाणी धरील, ही दगा देईल. त्याच्या हातचं छप्पर श्रावणात गळलं, असं कुणी कधी म्हणालं नाही. चोपण्याचा ठोका तो घाले, आणि समोरून त्या ठोक्याला ठोका देई कोंडिबा. धप्, धप्. धप्, धप्. पंचवीस वर्षं दोघं एकमेकांसमोर उकिडवे बसून तो ताल धरत आले होते. लग्नंही त्यांनी एकाच मांडवात, चर्चच्या एकाच पाळकाच्या हातून लावून घेतली होती.

या धंद्याचा एक दंडक होता. माती पसरताना ती साण्यातून खाली पडू नये म्हणून साण्यावर पोतं ताणायचं. पोत्यावर माती उडते, पांढऱ्यात पांढरं मिसळतं, साणं दिसेनासं होतं. म्हणून त्याच्या कडेला एक काळा दगड ठेवायचा, खुणेचा. माती ओढणारा गडी पाठमोरा सरकत येतो, मागचं त्याला दिसत नाही. टाचेला दगड लागला की थांबायचं. टाचेशी दगड, दगडापलीकडे खोल काळोख. आणि त्या टोळीत दगड ठेवायचं काम होतं कोंडिबाचं.

सहा वर्षांपूर्वीच्या अशाच वैशाखात ते गावच्या देवळावर होते. निंबखेड्याचे ख्रिस्ती लोक आपल्या प्रार्थनामंदिराला देऊळच म्हणतात, आणि त्याचं छप्परही गावासारखंच, मातीचं. उतरत्या दुपारी शांतवन फावड्याने माती ओढत मागे सरकत होता. एक पाऊल, दुसरं पाऊल. टाचेला काहीच लागलं नाही. पोतं फाटलं, आणि शांतवन साण्यातून थेट खाली, वेदीच्या पायरीवर कोसळला. कमरेखालचा माणूस त्या पायरीवरच राहिला. वरचा तेवढा घरी आणला.

दगड कुठं होता? गावाने विचारलं. दगड बारा हात दूर, माळवदावर झुकलेल्या निंबाच्या सावलीत सापडला. कोंडिबाने शपथ घेतली की मी साण्यापाशी ठेवला होता. मग त्याने पुन्हा शपथ घेतली, पण हळू आवाजात. मग, मला वाटतं ठेवला होता, म्हणाला. आणि शेवटी काहीच म्हणेनासा झाला. ज्याला दगड ठेवायचं भान नाही त्याला कोण छपरावर चढवणार? टोळी मोडली. कोंडिबा वीटभट्टीवर जाऊ लागला. भक्तीच्या वेळी तो दाराशी, चपलांजवळ बसू लागला. त्याची मान खाली गेली ती गेलीच.

आणि खरं काय ते एकट्या शांतवनला माहीत होतं.

त्या दुपारी बाकीचे खाली जेवत असताना, भाकरी खाऊन तो माळवदावरच निंबाच्या सावलीत आडवा झाला होता. डोक्याखाली काही असावं म्हणून त्याने साण्यापाशी ठेवलेला दगड उचलून आणला होता, उशाला. गोड झोप, गार सावली, निंबाचा कडसर मोहर. उठला तो घाईत, आणि दगड तिथेच विसरला. एवढंच. एवढ्याशा झोपेने त्याचे पाय गेले, त्याचं त्याला फारसं वाटत नसे. पण त्याच झोपेने कोंडिबाची मान गेली. पहिले दिवस वेदनेत गेले, तेव्हा बोलता आलं नाही. मग भीती वाटली, तेव्हा बोलायचा धीर झाला नाही. मग सवय झाली. न बोललेली गोष्ट उराशी धरून हा माणूस रोज उजेडाचा चौकोन मोजत पडून राहिला.

त्याची बायको दीना मात्र हात बांधून बसणारी नव्हती. तालुक्याला मांडव पडत, आरोग्यसभा भरत, कर्णे गर्जत. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, या, या, विश्वासाने या! दीनाने त्याला तीनदा ताडपत्रीने झाकलेल्या बैलगाडीतून तिथे नेलं. तीनदा कुणा पाहुण्या उपदेशकाने त्याच्या कपाळावर घामेजला हात दाबला, ऊठ म्हणून हाक मारली, आणि तीनदा हजारो डोळ्यांसमोर शांतवन पडूनच राहिला. मग उपदेशक दीनाकडे पाहून म्हणे, विश्वास कमी पडतो. असल्या उपदेशकांचा मला राग येतो. जमलं तर श्रेय त्यांच्या हाताला, न जमलं तर खोट बाजेवरच्या बिचाऱ्यात! चौथ्या खेपेला दीनाने गाडी जुंपली, तेव्हा शांतवनने भिंतीकडे तोंड केलं. विश्वास त्याचा भरपूर होता. देव आपल्याला आरपार पाहतो, यावर तर त्याचा फारच विश्वास होता, आणि म्हणूनच त्याला देवापुढे जायचं नव्हतं.

या वर्षी गावाला नवे पाळक आले. वय कोवळं, शिक्षण मोठं, जन्म शहरातला, स्लॅबच्या घरातला. वैशाखातल्या दुसऱ्या रविवारी त्यांनी प्रवचनाला ख्रिस्ताच्या चमत्काराची कथा घेतली. पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात, दाटीमुळे दारातून वाट मिळत नाही, मग वर चढून छप्पर उघडतात आणि त्याला बाजेसकट प्रभूपुढे सोडतात. पाळक रंगात येऊन म्हणाले, त्यांनी भराभर कौलं काढली. सारी सभा गालात हसली. निंबखेड्यात कौल कुणी पाहिलंय?

भला माणूस तो. चिडला नाही. भक्ती आटोपल्यावर थेट शांतवनच्या घरी आला आणि बाजेजवळ, खाली जमिनीवर मांडी घालून बसला.

"शांतवनकाका, लोक मला हसले. छपराचं तुम्हाला विचारावं म्हणतात. उघडतात कसं हो ते?"

शांतवनला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी कुणी त्याच्याकडे पायांखेरीज दुसऱ्या कशासाठी आलं होतं.

"कौलं कुठली, सायेब? तिकडंबी आपल्यासारखी माळवदंच असनार. आता बघा, खाली गर्दी, मधी प्रभू बसल्याला. वरनं छप्पर उघडायचं म्हंजी खेळ हाय का? येरागबाळा चढला असता तर ढेकूळ प्रभूच्याच डोक्यात पडलं असतं! आधी माती सावकाश बाजूला वढायची. मग खालच्या काटक्या येकेक सोडवायच्या, वासा हलू न देता. ती चौघं माळवदकरीच हुती, म्या सांगतो."

त्याचे डोळे लकाकत होते, हात हवेत छप्पर उघडत होते. साण्यातला उजेड त्या हातांवर पडला होता.

"आणि बाजेवरचा?" पाळकांनी विचारलं.

"त्योबी माळवदकरीच," शांतवनच्या तोंडून निघून गेलं. "वरनं पडल्याला. त्येंच्यातलाच येक. न्हाईतर चार कामकरी गडी कुनापायी परक्याचं छप्पर फोडत्यात?"

पाळक थक्क झाले. "काका, हे कुठं लिहिलेलं नाही."

"लिवल्यालं न्हाई. पर आमच्या धंद्यातल्या मानसाला दिसतं."

 मग पाळक उठता उठता सहज म्हणाले, "मला त्या कथेतलं एक कोडं कधी सुटलं नाही. एवढा खटाटोप करून त्याला खाली सोडला, तर प्रभू आधी ऊठ म्हणालाच नाही. आधी क्षमेचं बोलला. पाय मागायला आलेल्याला क्षमा दिली. बाजेवर खिळलेल्या माणसाचं असं काय पाप असणार हो?"

ते पाणी पिऊन निघून गेले. आपण काय बोलून गेलो याची त्या भल्या माणसाला कल्पनाही नव्हती.

चौकोन बाजेवरून सरकला, समोरच्या भिंतीवर चढला, केशरी झाला, विझला. शांतवन त्याच्याकडे पाहत होता, पण त्याला दिसत होतं दुसरंच. ती दूरदेशीची दाटी, ती उघडत गेलेली माती, ती दोरांवर हेलकावत उतरणारी बाज. आणि वरच्या चौकोनातून वाकून पाहणारे चार घामेजले चेहरे. त्यातला एक चेहरा कोंडिबाचा होता. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

सोमवारी सांजेला तो दीनाला म्हणाला, "कोंडिबाला बोलाव."

दीनाचा भाकरी थापता हात थांबला. सहा वर्षांत त्या नावाला या घरात थारा नव्हता. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, तवा उतरवला आणि पदर सावरून निघाली.

कोंडिबा आला तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. विटांच्या धुळीने लाल, मान खाली. "काय काम काढलं?" एवढंच म्हणाला.

"आत ये."

तो आत आला. शांतवनने श्वास घेतला आणि सहा वर्षांचं ओझं एका दमात खाली टाकलं.

"कोंडिबा, दगड तू ठिवला हुतास. जाग्यावर ठिवला हुतास. म्या उचलला. दुपारी उशाला घेतला आन तिथंच इसरलो. पडलो तवा दुखन्यानं बोललो न्हाई. मग भ्यालो. मग लई दिस झालं, आन बोलायला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

चुलीत एक काटकी चटकली. कोंडिबा आपल्या हातांकडे पाहत होता, उलटे करून, सुलटे करून, परक्याचे असावेत तसे.

"सहा वर्सं," तो म्हणाला. "सहा वर्सं म्या त्यो दगड रोज मनात ठिवतोय, शांत्या. येकदा ठिवल्याला दिसतो, येकदा दिसतच न्हाई. गावाचं जाऊ दे. माझाच माझ्या हातांवर इस्वास ऱ्हायला न्हाई."

 तो वळला आणि गेला. त्याच्या पावलांचा आवाज गल्लीत दूर दूर होत गेला.

दीना भिंतीला टेकून खाली बसली. म्हणाली, "म्या त्येच्या बायकूला आडावर पानी भरू दिलं न्हाई. दोन उन्हाळं."

शांतवनने डोळे मिटले. आता काय ते होवो, असं त्याला वाटलं. कोंडिबा पुन्हा कधी या दाराशी येणार नाही, हे त्याने मनाशी धरलंच होतं. आणि तरीही, काय सांगावं, छातीवरचा वासा कुणी उचलून घ्यावा तसा त्याचा श्वास मोकळा झाला होता. त्या रात्री तो गाढ झोपला.

मंगळवारची सकाळ. कोवळं ऊन, भरड ऊन, निंबाच्या मोहरातून गाळून आलेलं ऊन. दारात चार सावल्या पडल्या. कोंडिबा, आणि मोडलेल्या टोळीतले बाकीचे तिघे. चौघांच्या खांद्यांवर चऱ्हाटाची वेटोळी होती.

"देवळाचं माळवद गेल्या पावसात गळलंय," कोंडिबा म्हणाला. चेहऱ्यावर ना राग, ना हसू. "माती येऊन पडलीया. चल."

"म्या?"

"तूच. माझं नाव जिथनं खाली पडलं, तिथनंच त्ये उचलायचं. वर चढून सांगायचं, समद्या गावाम्होरं. हितं माझ्या कानात सांगून भागत न्हाई."

 शांतवन हो म्हणाला.

बाज देवळापाशी आणली आणि तिच्या चार पायांना चार दोर बांधले. दोघे वरून ओढणारे, दोघे शिडीवरून रेटणारे. त्या कथेत बाज खाली उतरली होती. निंबखेड्यात ती वर चढली. हळू, हळू, एक हात, दुसरा हात, भिंतीला घासत, झोके खात, माती सांडत, बाज वर चढली. खाली बायाबापड्या जमल्या, पोरं जमली, पाळक पुस्तक काखेत मारून धावत आले. शांतवनने दोन्ही हातांनी बाजेच्या कडा घट्ट धरल्या होत्या.

आणि मग आभाळ आलं.

सहा वर्षं त्याने आभाळ हातभर पाहिलं होतं. आता ते साऱ्या दिशांना पसरलं होतं, अथांग, निळंनितळ, नदीच्या वाळूपर्यंत उतरलेलं. गावाची सारी माळवदं त्याच्या डोळ्यांपुढे उघडी पडली. हे आपण घातलं, ते आपण घातलं, ते पलीकडचं दोघांनी मिळून. शांतवनला रडू कोसळलं. त्याने ते पुसलं नाही, तसाच बोलायला लागला.

फार बोलला नाही. दगड कोंडिबाने ठेवला होता, मी उचलला, मी उशाला घेतला, आणि मी सहा वर्षं गप्प बसलो. आवाज फाटका होता, पण शेवटच्या माणसापर्यंत पोचला. खाली ज्यांनी बोटं दाखवली होती ते आपापल्या पायांकडे पाहू लागले. गर्दीतून दीना पुढे झाली, कोंडिबाच्या बायकोच्या डोक्यावरचं मातीचं घमेलं तिने उतरवून घेतलं आणि आपल्या डोक्यावर ठेवलं. ती बाई आधी दगडासारखी उभी राहिली. मग तिने दीनाच्या कपाळावर सांडलेली माती पदराने पुसली.

तुम्ही विचाराल, आणि पाय? पाय हलले नाहीत. आजही हललेले नाहीत. पण त्या सकाळी निंबखेड्याच्या देवळावर एक माणूस उठून उभा राहिला, हे साऱ्या गावाने पाहिलं. सहा वर्षं वाकलेला कोंडिबा ताठ उभा होता, आणि त्याची मान वर होती. पाळक खाली उभे राहून वर पाहत होते. त्यांचं कोडं सुटलं असावं, कारण काखेतलं पुस्तक त्यांनी उघडलंच नाही. बाही सरसावून ते मातीचं घमेलं उचलायला गेले.

साण्यावर पोतं ताणलं. माती पसरू लागली, पांढऱ्यात पांढरं मिसळू लागलं. तेव्हा कोंडिबा शिडीने उतरून देवळाच्या भिंतीशी गेला. अपघाताच्या दिवशी कुणीतरी वरून फेकून दिलेला तो काळा दगड सहा वर्षं तिथे पडून होता. पोरंसुद्धा त्याला हात लावत नसत. तो उचलून त्याने वर आणला आणि बाजेवरच्या माणसाच्या हातात दिला.

"ठिव," तो म्हणाला. "तुझ्या हातानं. आन आता उशाला घेऊ नगंस, म्हंजी झालं."

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले. कोंडिबाच्या मिशीतही काहीतरी हललं. शांतवन बाजेवरून वाकला, आणि त्याने दगड साण्याच्या कडेला ठेवला. नीट बसवला. हाताने दाबून पाहिला. पुन्हा एकदा दाबून पाहिला.

मग कोंडिबाने फावडं घेतलं आणि साण्याकडे पाठ केली. वर ऊन, खाली खोल काळोख, मध्ये पांढरी माती. तो ओढत होता आणि सरकत होता. मागे वळून पाहत नव्हता. शांतवन श्वास रोखून त्याच्या टाचांकडे बघत होता. एक पाऊल मागे. दुसरं पाऊल मागे. तिसरं पाऊल मागे.

टाचेला दगड लागला, आणि कोंडिबा थांबला.